लिहायला बसण्याआधीचा तास

श्रावण लागला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात. कथा कधी देताय, एवढंच त्यांना विचारायचं असतं. ‘गणपतीच्या आत’ असं मी सांगते, आणि अगदी मनापासून सांगते. मग एका रविवारी सकाळी कागद काढून टेबलाशी बसते. पहिलं वाक्य सुचत नाही. सहज वर लक्ष जातं तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर. स्टूल येतं, ओलं फडकं येतं, तिन्ही पाती लख्ख होतात. उतरताना खिडकीच्या जाळ्या दिसतात, मग त्याही. बारा वाजेपर्यंत घर चकाचक आणि कागद कोरा.

त्या तीन तासांत मी चांगला घाम गाळलेला असतो. म्हणूनच या प्रकाराला आळस म्हणणं मला कधी पटलं नाही. आळशी माणूस पंखा पुसायला उठत नाही.

चालढकलीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञही तिला आळसापासून वेगळं काढतात. उशीर केला तर आपलंच नुकसान होणार हे कळत असूनही आपणच ठरवलेलं काम आपणच पुढे ढकलणं, ही त्यांची व्याख्या. बरीच वर्षं याकडे वेळेच्या नियोजनातली गफलत म्हणूनच पाहिलं गेलं, त्यामुळे उपायही तसलेच होते: डायऱ्या, वेळापत्रकं, गजर. २००१ साली डायन टाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने मात्र दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

त्यांनी काही विद्यार्थ्यांना मन उदास होईल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणायला लावला. मग सांगितलं, थोड्या वेळाने परीक्षा आहे, तोवर सराव करा. खोलीत मन रमेल अशा इतर गोष्टीही ठेवल्या होत्या. उदास झालेल्या मुलांनी सरावाचा बराचसा वेळ त्यातच घालवला. यात विशेष काही नाही, असं वाटेल. पण काही मुलांसमोर एक सुगंधी मेणबत्ती लावली होती आणि त्यांना सांगितलं होतं की या वासाने तुमची मनःस्थिती आत्ता आहे तशीच गोठून राहील, काहीही केलं तरी बदलणार नाही. मेणबत्ती साधीच होती. पण ज्यांनी त्या सांगण्यावर विश्वास ठेवला, त्यांनी उदास असूनही टंगळमंगळ केली नाही. पळून जाऊन बरं वाटणारच नसेल, तर पळायचं कशाला?

म्हणजे आपण कामापासून पळत नाही. काम समोर आलं की पोटात जो गोळा येतो, त्याच्यापासून पळतो. फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये हीच गोष्ट सिद्धान्ताच्या रूपात मांडली: चालढकल म्हणजे आत्ताच्या वाईट वाटण्यावर केलेली तात्पुरती मलमपट्टी, आणि तिचं बिल उद्याच्या ‘मी’च्या नावावर फाडलं जातं. पंखा पुसताना मला खरंच बरं वाटत होतं. ते बरं वाटणं हीच माझी कमाई होती, आणि तिच्यासाठी मी एक सकाळ मोजली.

मेंदूच्या पातळीवरही काही धागे सापडतात. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रुर विद्यापीठात २६४ जणांच्या मेंदूंची एमआरआय तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ज्यांना ठरवलेलं काम सुरू करणं जड जातं, त्यांच्यात अमिग्डला हा धोक्याची चाहूल घेणारा, बदामाएवढा भाग सरासरीने मोठा होता. शिवाय कृती निवडायला मदत करणाऱ्या भागाशी त्याचा संपर्क काहीसा क्षीण होता. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा तपासणीतून ठरत नाही. पण ‘ही भीती आहे’ या म्हणण्याशी ते जुळतं.

सर्जनशील कामात ही भीती जास्त का असते, हे उघड आहे. विजेचं बिल भरताना ते ‘चांगलं’ भरलं जाईल का, असा प्रश्न पडत नाही. कथा, चित्र, बंदिश, नाटकाचा प्रवेश यांत काम कुठे जाणार ते आधी माहीत नसतं, आणि ते जिथे जाईल तिथे आपली किंमत ठरणार असं वाटत राहतं. म्हणून आपण ‘मूड’ची वाट पाहतो. मूड आला की भीती नसेल, आपोआप सुचेल, हात चालेल. ही समजूत मला घातक वाटते, कारण ती ऐकायला कलावंताला शोभणारी आहे.

ती तपासून पाहणारा रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९८३ सालचा एक प्रयोग आहे. लेखन अडून बसलेले २७ प्राध्यापक त्यांनी घेतले आणि तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, अगदी निकड असल्याशिवाय लिहू नका, फक्त कल्पना टिपून ठेवा. दुसऱ्या गटाने बैठकीच्या वेळा ठरवल्या, पण लिहायचं ते मूड असेल तरच. तिसऱ्या गटाला मूड असो वा नसो, लिहायचंच होतं, आणि त्यासाठी एक जालीम तजवीज होती: ज्या संस्थेचा त्यांना मनापासून तिटकारा आहे, तिच्या नावाचा चेक प्रत्येकाने आधीच लिहून दिला होता. बैठक चुकली की चेक रवाना.

तिसऱ्या गटाने सगळ्यात जास्त पानं लिहिली, यात नवल नाही. दिवसाला सरासरी ३.२ पानं, मूडवाल्यांनी ०.९ आणि न लिहिणाऱ्यांनी ०.२. पण बॉइस यांनी नव्या कल्पनाही मोजायला लावल्या होत्या. न लिहिणाऱ्यांना साधारण पाच दिवसांनी एक नवी कल्पना सुचत होती, मूडवाल्यांना दोन दिवसांनी एक, आणि जबरदस्तीने बसवलेल्यांना रोज एक. विश्रांती घेतलेलं मन कल्पनांनी भरून जाईल, ही अपेक्षा उलटी पडली. माणसं थोडी होती, सगळी प्राध्यापक होती आणि आपल्या कल्पना त्यांनी स्वतःच नोंदवल्या होत्या, त्यामुळे या आकड्यांना मी फार ताणणार नाही. तरी त्यांची दिशा मला माझ्या टेबलावर रोज दिसते. ‘दार उघडं होतं’ असं एक अगदी सपक वाक्य मी लिहिते. लिहिलेलं समोर दिसतं म्हणून प्रश्न पडतो: का उघडं होतं? कुणी बाहेर गेलं, की कुणाची वाट पाहत कुणी कडी लावलीच नाही? कडीवरून सासूबाई येतात, सासूबाईंवरून गोष्ट. कडी मला पंखा पुसताना सुचली नसती.

आपला अंदाज आणखी एका जागी चुकतो. ब्रायन लुकस आणि लोरन नॉर्डग्रेन या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की काही वेळ कल्पना काढून झाल्यावर ‘आता आणखी किती सुचतील?’ असं विचारलं, तर माणसं खूप कमी आकडा सांगतात. प्रत्यक्षात कितीतरी जास्त सुचतात, आणि उशिरा आलेल्या कल्पना बहुधा जास्त वेगळ्या असतात. रोजचा धंदाच विनोद लिहिण्याचा असलेले कलाकारही यात फसले. जे पहिल्यांदा सुचतं ते सगळ्यांनाच सुचण्यासारखं असतं, ते उपसून टाकावं लागतं. ‘आता काही उरलं नाही’ असं वाटून आपण उठतो, तेव्हा झरा लागायच्या बेतात असतो.

मग मनात मुरू देणं वगैरे सगळं खोटं का? नाही. जिहे शिन आणि ॲडम ग्रँट या संशोधकांना थोडी दिरंगाई करणाऱ्यांच्या कल्पना कधीकधी सरस दिसल्या, पण त्या माणसांना मुळात प्रश्नात रस हवा होता. लोणचं मुरायला आधी बरणीत फोडी घालाव्या लागतात.

सुरुवात सोपी करण्याचे दोन उपाय मला कामाचे वाटतात. पहिला जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय केलं ते पुढच्या दोन दिवसांत लिहून पाठवा, असं त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं. ज्यांनी कुठे आणि कधी बसून लिहिणार हे आधीच ठरवलं होतं, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेळेत लिहिलं, बाकीच्यांतल्या एक तृतीयांश जणांनी. ‘या आठवड्यात कथा लिहीन’ याला मन दाद देत नाही. ‘सकाळचा चहा गाळून झाला की कप घेऊन टेबलाशी’ याला देतं, कारण ठरवण्याचं काम आता कपाकडे गेलेलं असतं.

दुसरा उपाय १९२०च्या दशकातल्या बर्लिनमधला. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या दोन विद्यार्थिनी अर्धवट कामांचा अभ्यास करत होत्या. ब्लूमा झायगार्निक यांचं म्हणणं होतं की अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात. ते प्रसिद्ध झालं, पण पुढच्या प्रयोगांत नीट टिकलं नाही. मारिया ओवसियांकिना यांचं निरीक्षण मात्र टिकलं: मध्येच थांबवलेलं काम, कुणी सांगितलं नाही तरी, माणसं पुन्हा हाती घेतात. म्हणून मी हल्ली परिच्छेद संपवून उठत नाही. पुढचं वाक्य माहीत असताना, ते अर्धं लिहून उठते.

आणि तरीही कित्येक सकाळी वाया जातात. अशा वेळी स्वतःला झोडपण्यात आपण पटाईत असतो. त्याबद्दल कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाचा २०१० सालचा एक अभ्यास मी मैत्रिणींना नेहमी सांगते. त्यातल्या ११९ विद्यार्थ्यांपैकी पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल करून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. अपराधीपणा हा पोटातला आणखी एक गोळा, आणि गोळा वाढला की पळणं वाढतं. संपादकांचा नंबर स्क्रीनवर दिसला की फोन उलटा ठेवणं, हेही त्याच जातीचं.

यंदा गणपती येऊन गेले तरी कथा झाली नव्हती. परवा फोन आला तो मी उचलला.

“ताई, कुठवर आलंय?”

“चार पानं झालीत. शेवट सापडलेला नाही.”

“मग चारच पाठवा. वाचतो, मग बोलू.”

रात्री मी ती चार पानं पाठवली.