दोन्ही दारांवर ‘आयसोलेशन’, पण जपायचं कोणाला?

वॉर्डच्या टोकाला समोरासमोर दोन खोल्या. दोन्ही दारं बंद, दोन्हींवर ‘आयसोलेशन’ची सारखीच लाल पाटी, दोन्हींबाहेर मास्कचा डबा आणि सॅनिटायझरची बाटली. डावीकडच्या खोलीत जुन्नरकडचे आजोबा, थुंकीत टीबीचे जंतू सापडलेले. उजवीकडे नऊ वर्षांची मुलगी. ब्लड कॅन्सर, केमोनंतर काउंट्स, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पार खाली आलेले. मुलीची आत्या हडपसरहून डबा घेऊन आली, पाटी वाचून दारातच थबकली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, हिचं कोणाला लागत तर नाही ना? माझं बाळ लहान आहे घरी."

मुलगी काचेतून आमच्याकडेच बघत होती.

पुण्यातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांत सतरा वर्षं नोकरी करताना हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल. त्यात आत्याची चूक नाही. या शहराला वेगळं ठेवणं म्हणजे काय ते चांगलंच माहीत आहे. १८९७च्या प्लेगात माणसं घरातून उचलून छावण्यांत नेली गेली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, १० मार्च १८९७ला. २००९मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण इथल्याच, साथीच्या रोगांसाठी असलेल्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. ‘नायडूला हलवलं’ म्हटलं की शेजारच्यांनी दार लावून घ्यायचे दिवस आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यामुळे आयसोलेशन म्हटलं की आतल्या माणसापासून धोका, हे डोक्यात पक्कं बसलंय.

डावीकडच्या खोलीपुरतं ते खरं आहे. आजोबांच्या खोकल्यातून हवेत जाणाऱ्या जंतूंपासून बाकीच्यांना वाचवायचं, म्हणून ते वेगळे. मुलीचं बरोबर उलटं. तिच्यापासून कोणालाच काही होणार नाही. आपल्यापासून तिला होईल. जंतूंशी पहिल्या फळीत लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड हजाराच्या वर असाव्या लागतात. त्या पाचशेच्या खाली गेल्या की तुमची-माझी साधी सर्दीही तिला आयसीयूपर्यंत नेऊ शकते. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही रिव्हर्स आयसोलेशन म्हणतो. पाटीवर मात्र तो ‘रिव्हर्स’ शब्द बहुतेक वेळा नसतोच, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

फरक नीट कळतो तो हवेत. टीबीसाठीच्या खास खोलीत हवेचा दाब बाहेरच्या व्हरांड्यापेक्षा कमी ठेवतात. बाहेरची हवा आत ओढली जाते, आतली मात्र दारातून बाहेर येत नाही. पंखा ती थेट इमारतीबाहेर टाकतो किंवा फिल्टरमधून काढतो. नव्या खोल्यांत तासाला किमान बारा वेळा हवा बदलावी, असा दंडक आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या खोलीत दाब जास्त असतो. तिथे हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलेली हवा आत सोडतात आणि ती फटींतून बाहेर ढकलली जाते. आम्ही नवीन सिस्टरना हे टिश्यूपेपरने दाखवतो. दार लावून खालच्या फटीशी पातळ पट्टी धरायची. ती आत ओढली गेली तर पहिली खोली, बाहेर फडफडली तर दुसरी. पट्टी हललीच नाही, तर लगेच मेन्टेनन्सला फोन. साधा स्प्लिट एसी यातलं काहीच करत नाही, तो खोलीतली तीच हवा गार करून फिरवत राहतो.

अशा खोल्या सगळीकडे नसतात. मग खिडकी. टीबीच्या वॉर्डात खिडक्या सताड उघड्या हव्यात, वाहती हवा हाच तिथला स्वस्त आणि चांगला उपाय. मुलीच्या खोलीची खिडकी मात्र घट्ट बंद. पुण्यात कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं, आणि त्या धुळीबरोबर अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात. तुमची-माझी फुफ्फुसं ते रोज पचवतात. तिची पचवू शकत नाहीत. म्हणून फुलांचा गुच्छ नको, कुंडी तर मुळीच नको. दसऱ्याला एका आजीने आणलेली झेंडूची माळ मी दारातूनच परत दिली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. कारण सांगितल्यावर त्यांनीच ती खाली गणपतीला वाहिली.

मास्कचंही तसंच. आजोबांच्या खोलीत जाताना आम्ही एन-९५ लावतो, आणि आजोबांना एक्स-रेला न्यायचं झालं तर त्यांना साधा सर्जिकल मास्क. त्यांचा खोकला अडला की झालं. त्यांना व्हॉल्व्हवाला मास्क कधीच द्यायचा नाही, कारण श्वास त्या व्हॉल्व्हमधून सरळ बाहेर पडतो. मुलीला मात्र बांधकामाच्या बाजूने न्यायची वेळ आली, तर एन-९५ तिच्या तोंडावर हवा. आजोबांच्या खोलीतून निघताना माझा एन-९५ दाराबाहेर येऊन, दार लागल्यावरच उतरतो, आणि मग हात स्वच्छ करायचे. मुलीकडे सगळी तयारी आत शिरण्याआधी. राउंडचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी मुलगी, शेवटी आजोबा. सफाईच्या मावशींनाही हेच सांगणं, आणि दोन्ही खोल्यांची पोछ्याची फडकी वेगळी. एकाच सिस्टरला दोघांची ड्युटी लावू नये. माणसं कमी असली की लागते, आणि याबद्दल मी प्रत्येक ठिकाणी भांडले आहे.

एक गोष्ट नातेवाइकांना स्पष्ट सांगायला हवी. काउंट्स खाली गेलेल्या प्रत्येकाला खास हवेची खोली लागत नाही. ती मुख्यतः दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतलेल्यांसाठी. बाकीच्यांना स्वतंत्र खोली आणि स्वच्छ हात पुरतात. शिवाय अशा मुलांना होणारे बरेचसे संसर्ग त्यांच्याच तोंडातल्या आणि आतड्यातल्या जंतूंचे असतात. दार कितीही घट्ट लावलं तरी ते आतच आहेत. म्हणून दिवसातून अनेकदा गुळण्या, मऊ ब्रश आणि ताप शंभर पॉइंट चारला टेकला की रात्री दोनलासुद्धा डॉक्टरांना उठवायचं.

आत्याला मी एवढंच म्हटलं, "ताई, तुम्हाला सर्दी-ताप नाही ना? मग हात तीस सेकंद चोळा, मास्क लावा आणि जा." डब्यात गरम मुगाची खिचडी होती. तीही आत गेली.

खरी कसोटी दोन्ही एकदम आले की लागते. काउंट्स खाली असलेल्या पोराच्या अंगावर कांजिण्या उठल्या, तर त्याला जपायचं की त्याच्यापासून जपायचं? दोन्ही. मध्ये छोटी खोली असलेली, दोन दारांची आयसोलेशन रूम असेल तर उत्तम. ती नसेल तर कमी दाबाचीच खोली द्यायची, कारण त्या मजल्यावर त्याच्यासारखीच आणखी पोरं असतात. आणि ड्युटी लावताना आधी विचारायचं, कांजिण्या कोणाला येऊन गेल्यात, लस कोणाची झाली आहे. आत त्याच सिस्टर जातात.