तळीतली लाल अळी गरीवर कशी आली

पाऊस ओसरत आला की करमळीच्या तळ्याच्या बांधावर दिवेलागणीला जाऊन बघा, डोक्यावर चिलटांचा अख्खा खांब नाचत असतो. लोक मच्छर समजून हात झटकतात पण ही चावत नाहीत, पंख फुटल्यावर यातली बरीचशी काही खातही नाहीत आणि थोड्या दिवसांत मरतात. खांब असतो नरांचा, मादी त्यात शिरते, जोडी जमते, मग पाण्यावर अंडी. आपल्याला दिसतं ते एवढंच. पण फ्लाय (म्हणजे गरीला पिसं, धागे बांधून केलेली किड्याची नक्कल, तीच माशी) घेऊन गरवायला बसणाऱ्याच्या कामाचं जे काही आहे ते त्याआधी खाली चिखलात आणि पाण्यात होऊन गेलेलं असतं, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त हेच भिडतं की हे कळायला गरवणाऱ्यांना शेकडो वर्षं लागली.

सुरुवात खूप जुनी आहे. इसवी सन २०० च्या आसपास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातले लोक गरीला लाल लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसं लावतात असं लिहून ठेवलंय. इंग्लंडात १४९६ ला गळाने मासे धरण्यावर छापील मजकूर आला त्यात अशा बांधायच्या बारा माश्या दिल्यात. म्हणजे नजर कायम पंखवाल्या किड्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर तिकडे तरंगती माशी हीच खरी मासेमारी असं ठरून गेलं होतं, मग स्क्यूज नावाच्या वकिलाने पाण्याखालच्या अवस्थेची नक्कल बांधायला सुरुवात केली आणि त्यावरून मोठा वाद झाला. माझ्या मते स्क्यूजचं मोठेपण म्हणजे त्याने पकडलेल्या माशाच्या पोटात काय आहे ते बघितलं. हाडातला मगज काढायचा लांब चमचा असतो ना, तो माशाच्या घशातून आत घालायचा आणि निघेल ते पाण्यात सोडून बघायचं, बस.

चिलटाचा नंबर लागला तो नदीवर नाही, धरणावर. ब्रिस्टलसाठी पाणी साठवायला ब्लॅगडनला जलाशय बांधला, १९०४ पासून तिथे ट्राउट माशाची मासेमारी सुरू झाली आणि नदीवरच्या माश्या तिथे नीट चालेनात. पहिल्या महायुद्धानंतर तिथे राहायला आलेल्या डॉक्टर बेल यांनी तोच चमचा वापरला आणि माशांच्या पोटात चिलटाचे कोश, म्हणजे अळी आणि पंखवालं चिलट यांच्या मधली अवस्था, सापडले, त्यावरून त्यांनी बारीक काळपट नक्कल बांधली. उडताना गुणगुणतात म्हणून इंग्रज गरवणारे या चिलटाला बझर म्हणतात, ते नाव पुढे त्या फ्लायलाच चिकटलं.

आता या चिलटाची अळी. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळते ती हीच, पण सगळ्या लाल नसतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं त्याच जातीचं, त्यामुळे ऑक्सिजन कमी असलेल्या काळ्या चिखलात नळी विणून ती जगू शकते. वाहत्या, हवा खेळत्या पाण्यातल्या पुष्कळ जाती हिरवट, पिवळट, तपकिरी. काही नळी न करता फिरतात आणि दुसऱ्या अळ्या खातात. लाल जातीचीही अंड्यातून निघालेली पिल्लं जवळजवळ पारदर्शक असतात, चार टप्प्यांत वाढत जाताना रंग भरतो. ऑगस्ट थीनेमान या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तळाशी कुठली अळी आहे यावरून सरोवरांचे प्रकारच पाडले होते. म्हणजे अळीचा रंग बघितला की तळीच्या तळाची हवा कळते, आणि म्हणून गुळगुळीत लाल नक्कल सगळीकडे टाकत बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

मग कोश. त्याच्या कातडीखाली वायू साठतो, डोक्याजवळ पांढरे तंतूंचे झुपके असतात, आणि तो वळवळत, मध्येच थांबत वर येतो. पृष्ठभागाच्या ताणाला येऊन अडकतो, पाठ फाटते आणि चिलट उडून जातं. नळीतली अळी माशाला शोधावी लागते, हा कोश मात्र उघड्या पाण्यात असतो, पळूही शकत नाही. म्हणून फ्लाय हळू, फार हळू ओढायची.

थंड देशात हे वसंतात बर्फ वितळल्यावर जोरात असतं, आपल्याकडे पाणी कायम कोमट, वर्षात कितीतरी पिढ्या होतात, त्यामुळे तिकडचे महिन्यांचे तक्ते इथे आणून उपयोग नाही. आणि गोव्यात ट्राउट नाही, पण आमच्या गावच्या तळीत काळुंद्र आहे आणि ती मला १६ नंबरच्या लहान गरीवर, वर पांढरा धागा बांधलेल्या काळ्या कोशावर लागलीय, तीही अंधार पडायच्या आधीच्या अर्ध्या तासात.

एक गोष्ट खाडीवाल्यांसाठी. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर क्लुनिओ नावाचं समुद्री चिलट आहे, ते अवस-पुनवेच्या उधाणात ओहोटी सगळ्यात खाली जाते तेव्हाच बाहेर पडतं. मानशीवर, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, बसून ज्यांना भरती-ओहोटीचा हिशोब तोंडपाठ असतो त्यांना हे लगेच पटेल. आमच्या तळीत तिथीचा काही संबंध दिसतो का ते बघायला मी वही ठेवलीय: तारीख, तिथी, वारा, आणि वाऱ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात सकाळी कोशांच्या रिकाम्या काती किती साचल्या.