संगणकाचा तास कुणाच्या जागेवर?

दहावीचा निकाल लागला की पुण्यात काही दिवस ‘बायफोकल’ हा शब्द सारखा कानावर पडतो. चष्म्याच्या दुकानात नाही, कॉलेजांच्या आवारात. “बायोलॉजी सोडायची का?”, “दुसरी भाषा जाते ना त्यात?”, “दोनशेपैकी किती पडतात?” अकरावी सायन्सला कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर ते या द्विलक्ष्यी अभ्यासक्रमातून घ्यायचं. विषय दोनशे गुणांचा. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडला की त्यांच्या जागी हा येतो.

‘त्यांच्या जागी’ हे शब्द लक्षात ठेवायला हवेत. आपल्याकडे शाळेत संगणक शिरला तो नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीवर बसून. कधी भाषेच्या, कधी कार्यानुभवाच्या, कधी नुसत्या ऑफ तासाच्या. गंमत म्हणजे कोणाला कुठली खुर्ची द्यायची हे ठरवणारी बहुतेक कार्यालयं पुण्यातच आहेत. राज्य मंडळ शिवाजीनगरला, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, परीक्षा परिषद कॅम्पात.

गोष्ट सुरू होते ती संगणकाच्याही आधी. कोठारी आयोग १९६४ ते १९६६ या काळात काम करत होता आणि त्याचे सदस्य-सचिव होते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. शालेय शिक्षणात हाताचं काम आलं पाहिजे, ते पुस्तकी विषयांइतकंच मानाचं असलं पाहिजे, असं आयोगाने बजावलं. त्यातून दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा तास आला. प्रत्यक्षात त्या तासाला काय झालं, हे पन्नाशीतल्या कुणालाही विचारा. खडू बनवणं, मेणबत्त्या, कागदी फुलं; आणि पोर्शन राहिला असेल तर गणिताचे सर येऊन तो तास घेऊन जायचे. त्याच सुमारास काही शाळांत टेक्निकलची तुकडी होती. फिटिंग, सुतारकाम, विजेची जोडणी, इंजिनिअरिंग ड्रॉइंग. सायकलच्या कॅरिअरला ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर अडकवून जाणारी मुलं ती. त्यांनाही हे शिकायला दुसरं काहीतरी सोडावंच लागे.

द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आला सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. एक डोळा पदवीवर, दुसरा रोजगारावर, म्हणून द्विलक्ष्यी. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स, आणि पुढे कॉम्प्युटर सायन्स. बारावीनंतर पोराला थेट काम मिळावं हा हेतू. तो हेतू पुण्यात पार उलटा झाला. कॉम्प्युटर सायन्स घेणारी मुलं बारावीनंतर नोकरीला लागली नाहीत, ती इंजिनिअरिंगला गेली. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स शाबूत राहत होते, भाषेचा एक पेपर कमी होत होता आणि प्रॅक्टिकलचे गुण भरभरून मिळत होते. मुलांनी आणि पालकांनी गणित अचूक मांडलं. सरकारने मांडलं होतं ते वेगळं होतं. व्यवसाय शिक्षणाच्या दाराने आलेला विषय इंजिनिअरिंगच्या जिन्याची पायरी बनला.

अभ्यासक्रमात काय होतं? एका पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर्स, सी प्लस प्लस, एचटीएमएल. दुसऱ्यात इंटेलचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर. हा ८०८५ बाजारात आला १९७६ साली. एकविसाव्या शतकात तो शिकवतात म्हणून त्याची भरपूर टिंगल झाली आहे. मला ती पूर्ण पटत नाही. आठ बिटांची ही चिप सबंध डोक्यात मावते. ए, बी, सी, डी, ई, एच, एल एवढी रजिस्टरं, मोजक्या सूचना, आणि दोन आकडे मिळवायचा प्रोग्रॅम वहीच्या अर्ध्या पानात. यंत्राच्या आत काय हलतं हे सोळा वर्षांच्या मुलाला दिसतं. टिंगल करायचीच तर त्या निळ्या पडद्याच्या टर्बो सी प्लस प्लसची करावी. जगाने तो कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारं साधन, केव्हाच मागे टाकला, तरी आपल्या प्रयोगशाळांमध्ये तो वर्षानुवर्षं सुखाने नांदला. आणि लेखी परीक्षेत प्रोग्रॅम पेनानेच लिहायचा. सेमीकोलन राहिला तर कंपायलर तिथल्या तिथे ओरडतो. परीक्षक निकालातून सांगतो.

शाळांमध्ये संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ चा. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि शिक्षण मंत्रालय यांनी मिळून काढलेली ‘क्लास’ योजना. सुरुवातीला देशभरातल्या अडीचशे शाळा निवडल्या आणि त्यांना ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे संगणक दिले. ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली, बीबीसीच्या तिथल्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी बनवलेलं हे यंत्र. स्मृती ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोतसुद्धा त्याच्या कितीतरी पट माहिती असते. चालू केलं की पडद्यावर थेट ‘बेसिक’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा. मूल काहीतरी टाइप करी आणि यंत्र लगेच उत्तर देई. एका अर्थाने आजच्या लॅपटॉपपेक्षा ते जास्त शिक्षकी यंत्र होतं.

पण योजनेची कल्पना ‘संगणक साक्षरता’ एवढीच होती. विषय नाही, गुण नाहीत, परीक्षा नाही. शिक्षक दुसऱ्याच विषयाचे, दोन-तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेले. सोबतचं साहित्य इंग्रजी. मग त्या काळात जी संगणक खोली सगळीकडे दिसू लागली ती अशी: दाराबाहेर चपलांची रांग, खिडक्यांना जाड पडदे, यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून कव्हरं, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. देवघराला जपावं तसं जपलं. वापरलं कमी.

त्याच वर्षांमध्ये पुण्याहून साठ-सत्तर किलोमीटरवर, शिरूर तालुक्यातल्या पाबळला वेगळंच काही चाललं होतं. या साऱ्या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट केलेले अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. गाव मुद्दाम निवडलं होतं: कोरडं, अवर्षणी. इथे जे जमेल ते कुठेही जमेल, असा त्यांचा हिशेब. आश्रम ज्या संस्थेचं केंद्र म्हणून उभा राहिला ती कोथरूडची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन. ती जे. पी. नाईकांनी स्थापलेली. म्हणजे आयोगाच्या अहवालात कागदावर राहिलेला कार्यानुभव फिरून पाबळच्या माळावर पोहोचला.

कलबागांनी आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बांधला. आठवड्यातला एक दिवस मुलं वर्गाबाहेर. चार क्षेत्रं: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह आणि आरोग्य. वेल्डिंग करायचं, विजेचं फिटिंग करायचं, फेरोसिमेंटची टाकी बांधायची, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायचं, माती तपासायची. शिकवणारे गावातलेच कारागीर आणि तरुण. मुलांनी केलेलं काम गावाला उपयोगी पडलं पाहिजे, ही अट. राज्य मंडळाने हा विषय माध्यमिक शाळांसाठी मान्य केला, हे त्या काळाच्या मानाने धाडसाचंच म्हणावं लागेल.

याचा संगणकाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. २००२ मध्ये एमआयटीने (कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली) आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावरून वस्तू घडवण्याची कार्यशाळा, पाबळलाच उभारली. संगणकावर आकृती काढायची आणि लेझर कटरने ती खरी करायची, हे जगातल्या मोठमोठ्या शहरांच्या आधी शिरूर तालुक्यातल्या मुलांनी पाहिलं. टर्बो सीच्या निळ्या खिडकीत ‘हॅलो वर्ल्ड’ उमटणं आणि आपण काढलेली आकृती हातात येणं, यांत फरक आहे. कलबाग त्यानंतर वर्षभरातच, २००३ मध्ये गेले.

इकडे शहर बदलत होतं. अमेरिकेने महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. शाळकरी मुलांच्या दृष्टीने मात्र सी-डॅकचं दुसरं काम अधिक जवळचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तिथे पुढे वाढलं आणि त्यामुळे पडद्यावर देवनागरी आली. नाहीतर संगणक म्हणजे इंग्रजीच, हे समीकरण आणखी किती वर्षं पक्कं राहिलं असतं कोण जाणे. १९९० मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आला, मग हिंजवडी आली, आणि शेजारच्या कुलकर्ण्यांचा मुलगा अमेरिकेला गेला.

शाळेने दिलं नाही ते खासगी शिकवणीच्या क्लासने दिलं. लक्ष्मी रोड-टिळक रोडच्या गल्ल्यांमधून, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्यांशेजारी ‘बेसिक, कोबॉल, सी’ अशा पाट्या लागल्या. अप्पा बळवंत चौकात गाइडांच्या गठ्ठ्यांत संगणकाची पुस्तकं दिसू लागली. ज्याला फी परवडली तो शिकला.

ही फीची भिंत थोडी खाली आणली २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने (एमकेसीएल). एमकेसीएलचं मुख्यालय पुण्यात, पण त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक-ओळखीच्या अभ्यासक्रमाची केंद्रं तालुक्या-तालुक्यात, अभ्यासक्रम मराठीतही. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागल्यावर दहावीच्या सुट्टीत एमएस-सीआयटी उरकून घेणं हा घराघरातला कार्यक्रम झाला, पोहण्याच्या क्लाससारखा. त्यात प्रोग्रॅमिंग नव्हतं. वर्ड, एक्सेल, इंटरनेट होतं. तरी अनेक मराठी माध्यमाच्या मुलांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो तिथेच, शाळेत नाही.

शाळेतल्या प्रयत्नांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं. केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना २००४ च्या डिसेंबरात आली. राज्याने ती खासगी कंपन्यांमार्फत राबवली: कंपनीने लॅब उभारायची, काही वर्षं चालवायची, मग शाळेच्या हवाली करायची. संगणक शिक्षकही कंत्राटी. करार संपले तशी माणसं घरी गेली, यंत्रं शाळेत राहिली. शिक्षकांनी आंदोलनं केली. बऱ्याच शाळांमध्ये लॅबला पुन्हा कुलूप लागलं आणि किल्ली पुन्हा त्याच खणात गेली.

अकरावी-बारावीला तेवढा ‘माहिती तंत्रज्ञान’ हा वेगळा विषय रुजला. तो कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही घेता येतो, पुस्तक बालभारतीचं आहे आणि परीक्षा चक्क संगणकावर होते. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी असा त्याचा ऐवज. बायफोकलच्या गाजावाजात या विषयाकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, पण जास्त दारं त्यानेच उघडली असं माझं मत आहे.

२०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब आल्या. निवडलेल्या शाळेला पाच वर्षांत मिळून वीस लाखांपर्यंत अनुदान, त्रिमितीय प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे संच. हाताने करून पाहण्याचीच कल्पना, पाबळपेक्षा बरीच महाग. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकच्या आधीच्या टप्प्यावर, सहावीपासून, कोडिंग सुचवलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर वेळापत्रकाचा तोच तक्ता आणि तेवढेच चौकोन.

तेही २०१६ चंच साल, जेव्हा एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. त्यात संगणकच लागत नाही. चौकटींच्या कागदावर रस्ता शोधायचा, पत्ते क्रमाने लावायचे, मित्राला एकेक सूचना देऊन चालवायचं, मग तो चुकला तर कुठली सूचना चुकली ते शोधायचं. ‘बेब्रास’ नावाची कोड्यांची स्पर्धाही त्यांच्यामार्फत होते. ती मूळची लिथुआनियातली, २००४ ची, आणि तिचं नाव धरणं बांधणाऱ्या बीव्हर या प्राण्यावरून पडलेलं. या सगळ्याला लॅब नको, किल्ली नको, कंत्राटी शिक्षक नको. गणिताच्या बाई स्वतःच्याच तासाला ते घेऊ शकतात, आणि पोर्शनही पुढे सरकतो.