सहा छर्रे आणि एक रबरी बूट

स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण कापा, इंजिन बंद करून हँडब्रेक ओढा आणि डाव्या पुढच्या चाकामागे उकिडवे बसा. चाकाची मागची कड बाहेर आलेली असते. तिथून आत टॉर्च मारली की चाकाच्या मधोमध पेटीच्या भात्यासारखा वळ्यावळ्यांचा काळा रबरी तुकडा दिसेल. गॅरेजात त्याला एक्सल बूट म्हणतात. छोट्या गाडीतला एक अत्यंत हुशारीने बनवलेला भाग या रबराच्या आत असतो आणि त्याचं आयुष्य या रबरावरच ठरतं.

अॅम्बॅसॅडर आणि फियाटच्या काळात पुढची चाकं फक्त वळायची, गाडी पुढे न्यायचं काम मागच्या चाकांचं. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली ती पुढच्या चाकांनी ओढली जाणारी. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, मागे जाणारा लांब शाफ्ट नाहीच, त्यामुळे एवढ्याशा गाडीतही माणसांना जागा मिळाली. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्या याच बांधणीच्या आहेत. पण या सोयीपायी पुढच्या चाकावर तीन कामं एकदम आली: खड्ड्यात खाली-वर होणं, वळणं आणि हे चालू असतानाच इंजिनाची ताकद घेऊन फिरणं. म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा मध्येच वाकला पाहिजे आणि वाकलेला असतानाच फिरला पाहिजे.

वाकणारा सांधा तसा जुनाच. ट्रकखाली लांब शाफ्टच्या टोकाला जो क्रॉस दिसतो, तो तोच. त्याची एक खोड आहे. कोनात फिरताना तो एका दांड्याचा वेग दुसऱ्याला जसाच्या तसा देत नाही. 30 अंशांचा कोन असेल आणि एक दांडा मिनिटाला अगदी एकसारखे 100 फेरे घेत असेल, तर दुसऱ्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा 87 पर्यंत उतरतो आणि दोनदा 115 पर्यंत चढतो. ट्रकमध्ये कोन लहान असतो आणि दोन क्रॉस एकमेकांची चूक फेडतात, म्हणून निभतं. पुढच्या चाकाला मात्र 40 अंशांपेक्षाही जास्त वळावं लागतं. तिथे एकच क्रॉस लावला तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हाताला हिसके देईल.

यावर फोर्ड कंपनीतले अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी 1920च्या दशकात जो उपाय काढला, तो समजायला दोन पेनं पुरतात. टोकाला टोक लावून ती कोनात धरा आणि त्या कोनाच्या बरोबर मध्यावर एक आरसा उभा आहे अशी कल्पना करा. एक पेन दुसऱ्याचं प्रतिबिंब दिसेल. आता एकाची ताकद दुसऱ्याला जिथे मिळते ती जागा कायम या आरशाच्या पातळीतच राहिली, तर दोघांचा वेग कधीच वेगळा होऊ शकत नाही, कारण एक बाजू जे करेल तेच तिचं प्रतिबिंब करणार. झेप्पांनी आतल्या गोळ्यावर आणि बाहेरच्या वाटीत वक्र खाचा कोरल्या, त्यात सहा छर्रे बसवले आणि त्यांना एका पिंजऱ्यात धरलं. चाक 40 अंश वळलं की छर्रे आपोआप 20 अंशांच्या पातळीत जाऊन बसतात. बुटाच्या आतला हाच आपला सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी (एकसारख्या वेगाचा) जॉइंट. 1959 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या छोट्या मिनी गाडीने तो घराघरांत नेला. मला आजही ही रचना पाहिली की भरून येतं, इतकी ती साधी आणि नेमकी आहे.

गिअरबॉक्सकडच्या टोकाला दुसरा जॉइंट असतो. त्यात बहुधा तीन रोलर असतात आणि ते आत-बाहेर सरकतात, कारण चाक खाली-वर झालं की शाफ्टची लांबी कमी-जास्त लागते. तो झिजला तर पिकअप घेताना गाडी थरथरते. हा आजार बाहेरच्या जॉइंटच्या मानाने कमी दिसतो.

आता बूट. 145/70 आकाराचा 12 इंची टायर एका किलोमीटरमध्ये साधारण सव्वासहाशे फेरे घेतो, 50,000 किलोमीटरमध्ये 3 कोटींहून जास्त. शाफ्ट थोडा जरी कोनात असला तरी प्रत्येक फेऱ्यात रबराच्या वळ्या एका बाजूला मिटतात, दुसऱ्या बाजूला उघडतात. शेवटी रबर थकतं. आधी वळ्यांच्या खोबणीत केसासारख्या चिरा पडतात, मग एक दिवस बूट फाटतो आणि फिरण्याच्या झपाट्याने आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला गोलाकार उडतं. रिमच्या आत काळा चिकट पट्टा दिसला तर थांबू नका. त्या दिवशी बूट आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचतो.

मी थांबलो होतो. जूनमध्ये मेकॅनिकने दाखवूनही ‘पावसाळा संपू दे’ म्हणालो. दिवाळीच्या सुमारास यू-टर्न घेताना डावीकडून कट-कट-कट सुरू झालं. सरळ रस्त्यावर काही नाही, पूर्ण कापून पिकअप घेतला की हजर, आणि गाडीच्या वेगाबरोबर त्याचा ठेकाही वाढायचा. जॉइंट बाकावर उघडला तेव्हा ग्रीसच्या जागी राखाडी चिखल होता. रॉकेलने धुतल्यावर खाचेत बोट फिरवलं, तर मध्यावर नख अडकेल एवढा खळगा. सरळ चालताना छर्रा त्या खळग्यात गप्प बसून असतो, वळताना त्याच्या कडेवर चढतो-उतरतो. आवाज त्याचाच. खळगा ग्रीसने भरून येत नाही, जॉइंट बदलावाच लागतो.

बूट बदलायला द्याल तेव्हा जवळ उभे राहा. जुनं ग्रीस पूर्ण धुतलं पाहिजे. किटसोबत येणारं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीसच भरायला सांगा, डब्यातलं पिवळं नको. छर्रा आणि खाच यांच्यातला दाब फार मोठा असतो, तिथे साधं ग्रीस टिकत नाही. हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमध शाफ्ट धरून ठेवणारा, नट नवा घ्या आणि तो टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळायला सांगा. जॉइंट न खोलता बसवून चिकटवायचे, एका बाजूने उभी चीर असलेले बूटही मिळतात, पण ते गावी पोचण्यापुरते. आणि बूट फाटलेला असताना प्रेशरने वॉशिंग करून घेतलंत, तर पाणी थेट छर्र्यांपर्यंत जाईल.

त्या दिवशी मेकॅनिकने उजवी बाजूही उघडली, कारण तिथल्या बुटावर चिरा दिसत होत्या, पण तो फाटला नव्हता. तेवढेच किलोमीटर, तेच खड्डे, तोच पाऊस. आतलं ग्रीस बोटांत चोळून पाहिलं, काळं, मऊ, एक कणही टोचला नाही. खाचा आरशासारख्या. त्याने धुऊन नवं ग्रीस भरलं, नवा बूट चढवला आणि कारखान्यातून आलेला तोच जॉइंट परत बसवला.