बिल मन्रो : मँडोलिन मध्यभागी कसं आलं

ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीत-शैलीचा जनक मानला जाणारा मँडोलिनवादक आणि गायक बिल मन्रो याचा जन्म 13 सप्टेंबर 1911 रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या रोझीन गावाजवळच्या शेतावर झाला. आठ भावंडांत तो धाकटा. मोठ्या भावांपैकी बर्चने फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) घेतलं, चार्लीने गिटार. बिलसाठी मँडोलिन उरलं. त्यातही आवाज फार होऊ नये म्हणून आठपैकी चारच तारा ठेवायची अट होती. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात, जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. त्यातली एक काढली की सूर तोच राहतो, पण नाद कमी होतो. पुढे हे वाद्य जोरात वाजवण्यासाठी जो नावाजला गेला, त्याची सुरुवात अशी झाली.

आई 1921 मध्ये गेली, वडील 1928 मध्ये. त्यानंतर तो मामाकडे, पेन व्हँडिव्हरकडे राहिला. मामा गावच्या नाचांना फिडल वाजवायचा आणि भाचा गिटारवर साथ करायचा. नाचणाऱ्यांच्या पावलांना आधार देणारी लय त्याला तिथे मिळाली. दुसरा प्रभाव आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादकाचा. मन्रोच्या वादनात जे ब्लूजचे (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यांचे) उतरते, किंचित खाली झुकणारे स्वर ऐकू येतात, त्यांचं श्रेय तो स्वतः शुल्ट्झला देत असे. ब्लूग्रासला ‘गोऱ्या डोंगरी लोकांचं संगीत’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

1929 मध्ये तो भावांपाठोपाठ इंडियानात गेला आणि तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं हलवू लागला. 1934 पासून चार्ली आणि बिल ‘मन्रो ब्रदर्स’ म्हणून पूर्णवेळ गाऊ लागले. फेब्रुवारी 1936 मध्ये शार्लट इथे ब्लूबर्ड कंपनीसाठी त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं आणि दोन वर्षांत साठ गाणी निघाली. तेव्हा भावाभावांच्या जोड्यांची लाट होती आणि त्यांत मँडोलिनचं काम गाण्याच्या ओळींमधल्या जागा हळुवार भरण्याचं. या जोडीची गाणी मात्र इतरांपेक्षा बरीच जलद, आणि मँडोलिन त्यात पुढे धावणारं. 1938 मध्ये भाऊ वेगळे झाले.

बिलने नवा संच बांधला, ‘ब्लू ग्रास बॉईज’. 28 ऑक्टोबर 1939 रोजी नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात त्याने ‘म्यूल स्किनर ब्लूज’ हे जिमी रॉजर्सचं गाणं दामटून वेगात गायलं. वेगापेक्षाही बाकीच्यांना जड गेली ती त्याची पट्टी. खेड्यातले फिडलवाले जी, डी, ए या पट्ट्यांत वाजवत, कारण त्यांत मोकळ्या, म्हणजे न दाबता वाजणाऱ्या, तारा हाताशी असतात. मन्रोचा गळा उंच. तो काळी पाच किंवा पांढरी सात, म्हणजे बी फ्लॅट किंवा बी मध्ये गायचा. गिटार आणि बँजोवाला वाद्याच्या गळ्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावून सुटतो. फिडलला ती सोय नाही, तिथे बहुतेक स्वर बोटानेच दाबावे लागतात. नव्या फिडलवाल्याची पहिली अडचण बहुधा हीच असे.

मँडोलिनवर मात्र हीच अडचण कामाला येते. वाद्य फिडलसारखंच जी-डी-ए-ई लावलेलं. जी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) मोकळ्या तारा टाळून धरायची तर जाड तारांकडून 7, 5, 2, 3 या पडद्यांवर करंगळी, अनामिका, तर्जनी, मधलं बोट अशी मूठ बसते. हीच मूठ चार पडदे वर सरकवली की बी. एकही तार मोकळी नसल्यामुळे बोटं किंचित सैल करताच चारही जोड्या एकदम गप्प होतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पिकचा (तारा छेडायच्या छोट्या पट्टीचा) खालच्या दिशेने फटका मारायचा आणि लगेच दाब सोडायचा. उरतो तो कोरडा ‘चक्’. याला चॉप म्हणतात. संचात ड्रम नाही, पहिली आणि तिसरी मात्रा बास देतो, दुसरी आणि चौथी मँडोलिन. म्हणजे तबल्याचं अर्धं काम या छोट्या वाद्याने अंगावर घेतलं.

चॉप बिघडतो तो बहुतेक डाव्या हातामुळे. दाब उशिरा सोडला तर कॉर्ड लांबते आणि बँजोच्या स्वरांत चिखल होतो. बोटं तारांवरून पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा किणकिणतात. बोटं तारांना टेकलेलीच हवीत, फक्त पडद्यावरचा दाब जायला हवा. आणि फटका मात्रेच्या जराशा आधी पडू लागला की अख्खा संच पळत सुटतो. आपल्याकडे मँडोलिन म्हटलं की सज्जाद हुसेन आठवतात, मींड आणि गमक आठवते. त्या कानाने मन्रो ऐकला तर पहिल्यांदा खडबडीतच वाटेल.

या वादनाला साजेसं वाद्य त्याला 1940 च्या दशकात मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात 150 डॉलरना मिळालं : गिब्सन कंपनीचं एफ-5, आत तिथल्या लॉइड लोअरची सही, तारीख 9 जुलै 1923. जुन्या एफ-4 ला लंबगोल छिद्र असे. एफ-5 ला व्हायोलिनसारखी दोन एफ-छिद्रं आहेत, गळा अंगाबाहेर जास्त निघालेला आहे आणि त्यामुळे तारा टेकतात ती घोडी पृष्ठाच्या मध्याकडे सरकली आहे. नाद कमी गोल, पण लांबवर भेदून जाणारा. एका माईकभोवती पाच जण उभे असताना नेमकं हेच लागतं. पुढे दुरुस्तीवरून गिब्सनशी बिनसलं तेव्हा त्याने चाकूने डोक्यावरचं कंपनीचं नाव खरवडून काढलं. ते 1980 मध्ये परत बसलं. नोव्हेंबर 1985 मध्ये कुणीतरी घरात घुसून शेकोटीच्या सळईने या वाद्याचे तुकडे केले. गिब्सनच्या चार्ली डेरिंग्टनने ते ढलप्याढलप्यांतून जुळवलं.

1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजणारा बँजो घेऊन आला. लेस्टर फ्लॅटचा गिटार आणि आवाज, चबी वाइझचं फिडल, हॉवर्ड वॉट्सचा बास. सप्टेंबर 1946 मध्ये शिकागोत या पाच जणांनी केलेल्या मुद्रणांना आजही मोजपट्टी मानतात. मन्रोला ‘जनक’ म्हणताना एक गोष्ट नजरेआड होते : 1945 च्या सुरुवातीच्या मुद्रणांत त्याच्या संचात अकॉर्डियनही आहे. साचा अजून बसलेला नव्हता. तो बसला स्क्रग्जच्या बँजोमुळे; त्याला जागा देण्याचा निर्णय मन्रोचा. 1948 मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले, स्वतःचा संच काढला आणि मन्रोने त्यांच्याशी अनेक वर्षं अबोला धरला.

1954 मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ गायलं. मूळ गाणं संथ, तीन मात्रांचं. एल्व्हिसने ते चार मात्रांत उडवलं. मन्रोने त्याच वर्षी ते पुन्हा मुद्रित केलं : आधी तीन मात्रा, मग चार. रॉयल्टी मिळाली, पण रॉक अँड रोलच्या लाटेत संचाची मागणी मंदावली. सावरलं ते 1963 नंतर, लोकसंगीताचा अभ्यासक राल्फ रिन्झलरने त्याला शहरी लोकसंगीताच्या श्रोत्यांसमोर नेलं तेव्हा. 1965 मध्ये व्हर्जिनियातल्या फिनकॅसल इथे कार्लटन हेनीने अनेक दिवसांचा पहिला ब्लूग्रास महोत्सव भरवला. 1967 पासून मन्रोने इंडियानात बीन ब्लॉसमला स्वतःचा सुरू केला.

संचातून दीडशेच्या वर वादक गेले. जिमी मार्टिन, मॅक वाइझमन, डेल मक्करी, पीटर रोवन, बिल कीथ हे त्यांतले नंतर स्वतंत्रपणे गाजलेले. मन्रो समजावून फारसं काही सांगत नसे. चाल, पट्टी आणि वेग तो मँडोलिनवरूनच दाखवायचा. ज्याला पकडता आलं तो टिकला.

1970 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम, 1989 मध्ये ब्लूग्राससाठीचं पहिलं ग्रॅमी, 1995 मध्ये राष्ट्रीय कलापदक. 9 सप्टेंबर 1996 रोजी, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस असताना, त्याचं निधन झालं. पुढच्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने सुरुवातीचा प्रभाव म्हणून त्याचं नाव घेतलं.