घर बदलताय? विम्याचे अर्ज आणि कागद कुठे अडतात ते आधी वाचा

नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांना घराच्या विम्याचं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, ‘बँकेने कर्जाबरोबरच काढून दिलाय.’ कागद बाहेर काढले की कितीदा तरी तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा निघतो. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर त्यातून कर्ज फिटेल. घराला आग लागली किंवा पाणी शिरलं तर त्यातून काहीही मिळणार नाही. म्हणून कुठलाही अर्ज भरण्याआधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा. विमा कशाचा आहे आणि कोणत्या पत्त्यावरचा आहे, एवढं तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

जुन्या घराची पॉलिसी त्या पत्त्याला बांधलेली असते. ते घर विकलं की इमारतीवरचं तुमचं संरक्षण संपतं. कंपनीला लेखी कळवून पॉलिसी रद्द करा आणि उरलेल्या मुदतीचा प्रीमियम परत मागा. फक्त सामानाचा विमा असेल तर सामान हलवण्याआधीच नवा पत्ता कळवा आणि एंडोर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीत बदल नोंदवल्याचा, कागद हातात घ्या. एजंटला फोनवर सांगितलं होतं, हे दाव्याच्या वेळी कोणी ऐकून घेत नाही.

नवी पॉलिसी घ्यायची तर 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांत मूळ अटी सारख्याच असलेली, पॉलिसी उपलब्ध आहे. मालकाला इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेता येतो, भाडेकरूला फक्त सामानाचा. भाडेकरूंना आपण पात्र आहोत हेच माहीत नसतं, आणि 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात किंवा 2021 मध्ये चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा भिजलं ते त्यांचंही सामानच.

अर्जातला सगळ्यात जास्त चुकणारा रकाना विमा रकमेचा. लोक तिथे फ्लॅटची खरेदी किंमत लिहितात. इथे हवा असतो तो घर पुन्हा बांधायचा खर्च, म्हणजे कार्पेट क्षेत्रफळ (घराच्या आतली वापरायची जागा) गुणिले बांधकामाचा दर. समजा 650 चौरस फूट आणि दर 2,500 रुपये, तर रक्कम होते 16 लाख 25 हजार, मग फ्लॅट 70 लाखांना घेतलेला का असेना. जागेची किंमत जळत नाही, तिचा प्रीमियम भरू नका. इमारतीबरोबर सामानाला आपोआप 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. वरच्या उदाहरणात ते सव्वातीन लाख. तेवढ्यात भागणार नसेल तर सामानाची यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं.

आता चोरी. मूळ पॉलिसीत चोरी आहे, पण आग, पूर, भूकंप अशी घटना घडल्यावर तिच्यामुळे 7 दिवसांच्या आत झालेली. कुलूप तोडून झालेल्या साध्या घरफोडीला जादा संरक्षण लागतं. हे वाक्य न वाचल्यामुळे माणसं हताश होऊन परत जाताना मी पाहिली आहेत, म्हणून पुन्हा सांगतो, घरफोडीचं कलम आहे का ते विचारा आणि पॉलिसीत छापलेलं दाखवायला सांगा.

मेंटेनन्सच्या बिलात विम्याचा आकार दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवायचा असतो. तुमचं कपाट, फ्रिज, गाद्या त्यात नाहीत. सेक्रेटरींकडून त्या पॉलिसीची प्रत मागून घ्या.

पत्त्याचा पुरावा हा भाडेकरूंचा खरा छळ. लाइट बिल मालकाच्या नावावर, गॅस अजून जुन्या गावी, आणि खिडकीवरचा माणूस मात्र दोन्ही मागतो. भाड्याने राहणाऱ्याकडे जे असूच शकत नाही ते मागण्यात काय अर्थ आहे? यातून सुटायचा मार्ग म्हणजे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्रात ही नोंदणी कायद्यानेच बंधनकारक आहे. नोटरी केलेला करार घेऊन गेलात तर बहुधा परत पाठवतील. करारात घरातल्या ज्यांच्या नावाने अर्ज करायचा आहे त्यांची नावं आहेत का, ते सही करण्याआधी पाहा. त्या करारावर आधार कार्डावरचा पत्ता बदला, मग बाकी सगळीकडे तेच आधार चालवा.

सामान हलवताना पॅकर्सवाला ‘इन्शुरन्स धरलाय’ म्हणतो. त्याच्याकडून विमा प्रमाणपत्र मागा, त्यावर तुमचं नाव आणि सामानाची किंमत हवी. किंमत जाहीर केली नसेल तर रस्ते वाहतूक कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या 10 पटीवर थांबते. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांतली फूटतूट बरेचदा नाकारली जाते. मोडलेलं काही दिसलं तर पोचपावतीवर लिहा, मगच सही करा. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी लागते. लोक हे दिवस सामान पोचल्यापासून मोजतात आणि चुकतात.

गाडीच्या आरसीवरचा पत्ता 30 दिवसांत कळवायचा, फॉर्म 33 भरून. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. नंतर गाडीच्या पॉलिसीतही तोच पत्ता घाला. आयुर्विम्याला साधा पत्ताबदलाचा अर्ज पुरतो, त्याच फेरीत वारस म्हणून कोणाचं नाव आहे ते तपासा. आरोग्य विम्यात मात्र थांबून पाहा. काही पॉलिसींत प्रीमियम शहराच्या झोनवर ठरतो. लहान गावाचा प्रीमियम भरून मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा काही भाग खिशातून जातो. झोन बदलून मिळतो का, हे कंपनीला लेखी विचारा.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, दाव्याची मर्यादा 50 लाख. फी नाही, वकील लागत नाही. उत्तर मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जा आणि पहिल्या तक्रारीची पोच सोबत न्या.