साप्ताहिक आरोग्य अहवाल : आठवड्याच्या सीमा कशा ठरत गेल्या

५ जानेवारी २०२६, सोमवार. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा दिवस वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात मोडतो, तर अमेरिकेच्या साथरोग दिनदर्शिकेनुसार पहिल्या. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. रविवार सोडला तर हा एका आकड्याचा फरक २०२६ संपेपर्यंत कायम राहतो. दोन देशांच्या डेंग्यूचे आलेख एकाच कागदावर काढले आणि खाली नुसतं ‘आठवडा ३०’ लिहिलं, तर एकाच वेळी आलेल्या दोन साथी आठवडाभराच्या अंतराने आल्यासारख्या दिसतील. आरोग्याची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आठवडा इतका छळतो, त्याचं मूळ संगणकाच्या फार आधीचं आहे.

लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापून निघत असे. जॉन ग्राँट यांनी १६६२ मध्ये या याद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तिचं वेळापत्रकही दिलं आहे. मंगळवारी रात्री सगळ्या पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या प्रभागांचे, कारकून आपापला हिशेब आणून देत, बुधवारी बेरीज आणि छपाई होई, गुरुवारी यादी वर्गणीदारांच्या घरी पोचे. १६६५ च्या प्लेगमध्ये १२ ते १९ सप्टेंबर या आठवड्यात एकट्या प्लेगचे ७,१६५ मृत्यू नोंदले गेले, तेही मंगळवार ते मंगळवार. आठवडा मंगळवारी तुटायचा तो कारकुनांच्या फेऱ्या आणि छपाई यांच्या सोयीने. पुढे प्रत्येक व्यवस्थेने आपापल्या सोयीचा वार निवडला आणि तो कायम झाला.

बेरजेच्या आठवड्यात काय हरवतं, हे १८५४ च्या कॉलऱ्याने दाखवून दिलं. विल्यम फार जिथे आकडेवारीचं काम पाहत त्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून, म्हणजे जन्ममृत्यूंच्या सरकारी नोंदणी कार्यालयाकडून, लंडनची साप्ताहिक मृत्युपत्रकं १८४० पासून निघत होती. सोहो भागात कॉलरा उसळला तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी या कार्यालयाकडून २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यातल्या मृत्यूंची यादी मागून घेतली. तीन उपविभागांत मिळून कॉलऱ्याचे ८९ मृत्यू. एवढाच आकडा हाती असता तर ‘वाईट आठवडा’ यापलीकडे काही कळलं नसतं. पण यादीत तारखा होत्या. पहिल्या चार दिवसांत ६, गुरुवारी ४ आणि उरलेले ७९ शुक्रवार-शनिवारी. साथ गुरुवारी फुटली हे स्नो यांना त्यावरूनच ठरवता आलं आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवता आलं. मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासाचा कणा वाटतो. आठवडा ही नंतर केलेली बेरीज आहे, मूळ नोंद तारखेची.

तरीही सगळीकडे आठवडाच रुजला, आणि त्याला सबळ कारणं आहेत. महिन्याने कळलेली साथ हाताबाहेर गेलेली असते. रोजचे आकडे सुट्टीच्या दिवशी कोसळतात आणि दुसऱ्या दिवशी उसळतात. सलग सात दिवस धरले की हा चढउतार आपोआप निघून जातो. अमेरिकेत १८९३ च्या कायद्याने राज्यं आणि शहरांकडून साप्ताहिक माहिती गोळा करण्याची तरतूद झाली. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाने १९२५ मध्ये सिंगापूरला उघडलेल्या केंद्राकडे आशियातल्या बंदरांतून दर आठवड्याला साथींच्या तारा येऊ लागल्या. भारतात नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने सोमवार ते रविवार असा आठवडा धरला.

सात दिवसांची साखळी स्वतः अभंग आहे. १७५२ मध्ये ब्रिटनने पंचांग बदलताना २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर थेट १४ सप्टेंबरचा गुरुवार आला; तारखा गाळल्या गेल्या, वार मात्र चुकला नाही. इथिओपियाचे तेरा महिने असोत की नेपाळचं विक्रम संवत, वार तेच. गोंधळ सुरू होतो तो आठवड्याला वर्षाच्या चौकटीत बसवून क्रमांक देताना. ५२ आठवडे म्हणजे ३६४ दिवस, एक-दोन दिवस उरतातच. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने नियम घालून दिला : आठवडा सोमवारी सुरू, आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. अमेरिकेच्या साथरोग दिनदर्शिकेत आठवडा रविवारी सुरू होतो आणि ज्याचे निदान चार दिवस नव्या वर्षात पडतात तो पहिला ठरतो. तत्त्व एकच, फरक फक्त सुरुवातीच्या वाराचा. पण तेवढ्याने ५३ आठवड्यांचं लांब वर्ष अनेकदा वेगवेगळ्या साली येतं : आयएसओचं २०२६, अमेरिकेचं २०२५.

हा सगळा वारसा सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उतरला. एक्सेलचं आठवडा सांगणारं जुनं सूत्र, काही न सांगता वापरलं तर, १ जानेवारी ज्यात येतो तो पहिला आठवडा धरतं. आयएसओसाठीचं वेगळं सूत्र २०१३ च्या आवृत्तीत आलं. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत आठवडा मोजण्याचे आठ प्रकार आहेत. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचा पहिला वार सर्व्हरवर कोणत्या देशाची मांडणी निवडली आहे त्यावर ठरतो, त्यामुळे तोच प्रोग्रॅम दोन सर्व्हरवर दोन क्रमांक देऊ शकतो. सर्वांत घातक चूक वर्षअखेरची. २९ डिसेंबर २०२५ हा आयएसओप्रमाणे २०२६ च्या पहिल्या आठवड्यात येतो. प्रोग्रॅमरने वर्ष तारखेतून आणि क्रमांक आठवड्यातून घेतला, तर नोंद ‘२०२५, आठवडा १’ अशी होते आणि डिसेंबरचे रुग्ण मागच्या जानेवारीत जाऊन बसतात. आकडा शक्य कोटीतला असल्याने तपासणीत अडकत नाही.

ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने वाढलेल्या डीएचआयएस२ या आरोग्याची माहिती गोळा करणाऱ्या प्रणालीने यावर समंजस तोडगा काढला. तिच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक कालावधीची सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि प्रकार साठवला जातो. सोमवारचा आठवडा हा एक प्रकार. बुधवार, गुरुवार, शनिवार आणि रविवारपासून सुरू होणारे आठवडे हे स्वतंत्र प्रकार. शिवाय आठवडा संपल्यावर किती दिवसांनी प्रपत्र बंद व्हावं, हेही ठरवता येतं. पण मध्येच सोमवारचा आठवडा सोडून रविवारचा धरायचं ठरलं, तर जुने आकडे नव्या साच्यात ओतता येत नाहीत. रविवारचे रुग्ण किती होते हे बेरजेत कधीच विरून गेलेलं असतं.

महिन्याचंही तसंच. दोन महिन्यांत विभागलेला आठवडा कुणाच्या पदरात टाकायचा? ज्या महिन्यात जास्त दिवस पडतात त्याला सगळा द्यावा, की दिवसांच्या प्रमाणात आकडा फोडावा? पहिल्या पद्धतीत काही महिने पाच आठवड्यांचे होतात, दुसरीत साडेतीन रुग्ण निघतात. मला पहिली बरी वाटते, कारण तिच्यात निदान प्रत्येक रुग्ण पूर्ण राहतो. मात्र महिन्यांची तुलना करताना आठवडे मोजूनच करावी लागते.

निरंक अहवालाची गोष्ट याहून महत्त्वाची. पोलिओ सर्वेक्षणात लुळेपणाचा एकही रुग्ण नसला तरी दर आठवड्याला ‘शून्य’ कळवण्याची शिस्त लावली गेली. शून्य म्हणजे कुणीतरी पाहिलं आणि आढळलं नाही. रिकामा चौकोन म्हणजे पाहिलं की नाही तेच माहीत नाही. डीएचआयएस२ मध्ये शून्य साठवायचं की नाही हे प्रत्येक घटकासाठी सांगावं लागतं, न सांगितल्यास ते साठवलं जात नाही. साथरोगांच्या प्रपत्रात ही खूण विसरली, की शांत आठवडा आणि अहवालच न आलेला आठवडा सारखेच दिसतात.

आता बऱ्याच ठिकाणी एकेका रुग्णाची नोंद होते आणि आठवडा संगणकच काढतो. सीमा बदलली तरी जुना हिशेब पुन्हा मांडता येतो, ही मोठीच सोय. पण एका रुग्णाला तारखा अनेक : लक्षणं सुरू झाली ती, दवाखान्यात आला ती, प्रयोगशाळेचा निकाल लागला ती आणि नोंद झाली ती. शुक्रवारी ताप आलेला माणूस सोमवारी तपासला गेला तर तो कोणत्या आठवड्याचा? साथीचा वेग पाहायचा तर लक्षणांची तारीख हवी, पण ती धरली की उशिरा येणाऱ्या नोंदींमुळे ताजे आठवडे नेहमी अपुरे दिसतात आणि साथ ओसरल्याचा भास होतो. नोंदीची तारीख धरली तर आलेख स्थिर राहतो, पण साथीच्या मागे राहतो. म्हणून कोणती तारीख धरली आणि आठवडा कोणत्या वारी सुरू केला, या दोन गोष्टी प्रत्येक आलेखाखाली छापल्या गेल्याच पाहिजेत.